वाजल्याशिवाय दोरा नाही

८ सप्टेंबर, सोमवार

एकही वाजला नाही. अख्खा खोका — एकही नाही!

संग्रामनं आणलेले नवे बझर. एकेक तारेला जोडला, बटण दाबलं, कान लावला. मुका. पुढचा घेतला — मुका. शेवटी शेवटी दाबायचाही कंटाळा आला, पण दाबले. सगळ्यांच्या तळाला खिळ्यानं फुली मारली आणि भंगाराच्या डब्यात टाकले. पूर्वी खोक्यात एखादाच मुका निघायचा. आता एखादाच बोलतो.

संग्राम शेजारी उभा होता. म्हणाला, "काकी, मीटर बघा की. करंट घेतोय त्यो."

मीटर! आमच्या शेडमध्ये मीटरवर कधी काही पास झालंय का? हे असते तर त्याला उद्यमनगरभर पळवला असता. मी म्हटलं, "हलका माल आणायचा आणि मला मीटर दाखवायचा. कुणाकडनं आणतोस रे हे?" तो नुसता डब्याकडं बघत राहिला.

घरी येताना राजारामपुरीत मांडवाचे बांबू काढायचं अजून चाललंच होतं. परवाच्या मिरवणुकीत डॉल्बीनं खिडकीच्या काचा हलत होत्या. निदान ते तरी संपलं.

१० सप्टेंबर, बुधवार

वाचनालयात आता नवीन मुलगी बसते. पुस्तक बदलताना तिनं काहीतरी विचारलं. मी "काय?" म्हटलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा कळलं — "आज्जी, तुम्ही काय करता?" इतक्या हळू बोलतात ह्या मुली, तोंडातल्या तोंडात!

सांगितलं, जहाजांच्या धोक्याच्या घंटा दुरुस्त करते. ती हसायलाच लागली. "कोल्हापुरात? समुद्र कुठाय इथं?"

समुद्र नाही, पण उद्यमनगर आहे ना! इथं काय दुरुस्त होत नाही? ह्यांची सारी उमर जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून गेली. आगीची घंटा, तळाशी पाणी शिरलं की बोंब मारणारा भोंगा, काच फोडून दाबायचं बटण, रिले, बझर — ह्या सगळ्यांची निगा त्यांच्याकडं. समुद्र सोडल्यावर त्यांनी इथं शेड घेतली. गोव्याच्या एका यार्डातून माल येतो. आम्ही तो उघडतो, मीठ काढतो, कॉन्टॅक्ट घासतो, रबर बदलतो, वाजवून बघतो आणि परत पाठवतो. मी सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं शिकले ती जहाजाच्या पाट्यांवरून — फायर, बिल्ज, इंजिन रूम. बाकीचं त्यांच्या बाजूला बसून, आणि वाचनालयातून.

नियम एकच. वाजल्याशिवाय दोरा नाही. वस्तू तयार झाली की तीनदा वाजवायची. तीनही वेळा कानानं ऐकली, तरच तिच्या गळ्यात लाल दोरा. त्यांची ती गाठ जहाजावरची, ओढून सुटत नाही, कापावी लागते. दोनच माणसांना शिकवली — मला आणि संग्रामला. आमचा दोरा दिसला की गोव्याचे लोक वस्तू पुन्हा तपासतही नाहीत, सरळ जहाजावर बसवतात.

कानच का, मीटर का नाही, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. तरुणपणी त्यांच्या एका जहाजावर महिन्याची तपासणी नुसती मीटरवर झाली. काटा हलला, झालं! कॉइल करंट घेत होतं, पण घंटेवर आपटणारा टोला गंजून जागेवर बसला होता. आग लागली त्या दिवशी घंटेनं हूं की चूं केलं नाही. त्यांचा जोडीदार, फिटर होता, तो आतच राहिला. "काटा हलला म्हणजे घंटा वाजली असं नसतं, शालू. कान लाव." सांगताना त्यांचा आवाज दर वेळी तिथंच बसायचा.

त्या मुलीला एवढं सगळं कुठं सांगणार! पुस्तक घेतलं आणि आले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कुकरची शिट्टी नवीन आणली तरी तीच गत. डाळ करपली. जो तो फसवायला बसलाय हल्ली.

१३ सप्टेंबर, शनिवार

शनिवार म्हणजे घंटेचा वार. ह्यांच्या जहाजावर त्या दिवशी झाडून सगळे भोंगे नि घंटा वाजवून बघायचे. समुद्रात बाकीचे वार विसरायला होतात, शनिवार नाही — असं म्हणायचे. आम्हीही तयार माल शनिवारीच वाजवतो.

आज एका जुन्या जहाजाची पितळी घंटा होती. झाकण काढलं तर आत हिरवा थर आणि कोपऱ्यात मीठ. बोट लावून चाटलं. खारट! शेडमध्ये घासायला येणारी चिमणाबाई म्हणते, "वैनी, कायबी तोंडात घालताय." दर वेळी चाटते मी. हे सुट्टीवर आले की बॅग उघडल्यावर हाच वास यायचा.

टोला घासला, स्प्रिंग ताणून बघितली, तारांची टोकं नवी केली, रबर बसवलं. बटण दाबलं — ठण्ण! छातीत शिरला आवाज. गल्लीच्या तोंडाला चहाचा गाडा असलेला अण्णासो हात वर करून हसला. पूर्वी ह्यांनी घंटा वाजवली की चहा पाठवायचा. आजही पाठवला.

ह्याला म्हणायची घंटा. आपल्या दारालाही त्यांनी अशीच बसवलीय. जायच्या आधीच्या वर्षी. साधी बेल होती की चांगली! काढून टाकली, आणि ही जहाजावरची लावली. खालच्या मजल्यावरच्या माणसानं दोनदा भांडण काढलं. हे नुसते हसले. मला आठवण राहावी म्हणून लावली असणार. कुणी दाबली की अजून वाटतं, तेच आले.

चिमणाबाई दिवसभर तोंडात मिश्री धरून बोलते. एक शब्द धड कळत नाही. रागावले, तर आता ओरडूनच बोलते. संग्रामची तर नवीनच खोड. काही सांगायचं झालं की पार समोर येऊन, तोंडाकडं बघत उभा राहतो. मान खाली घालून बोलणारं पोरगं ते. मालक झाल्यासारखं करायला लागलंय.

१५ सप्टेंबर, सोमवार

पाऊस उघडला, पण यंदा रातकिडे नाहीत. औषधं मारून मारून तेही संपवले वाटतं. संध्याकाळी वाचत बसले. पुस्तकं बरी. पुटपुटत तरी नाहीत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काहीतरी शिजतंय.

संग्राम आणि चिमणाबाई पिंपाजवळ उभे राहून बोलत होते. मी वळले — दोघं गप्प. चिमणाबाईनं लगेच फडकं उचललं. संग्राम बाहेर गेला.

भंगाराचा डबा बघितला. रिकामा! ते मुके बझर एवढ्यात गेले कुठं? संग्रामला विचारलं, "भंगारवाला येऊन गेला काय?"

"व्हय," म्हणाला. माझ्याकडं न बघता.

भंगारवाला दर महिन्याच्या शेवटी येतो. मला काय समजतो तो? म्हातारी, सातवी शिकलेली?

अण्णासोला सहज विचारलं, संग्राम हल्ली कुणाबरोबर असतो. म्हणाला, "कुणासंगं असतोय! तुमी घरला गेला की त्यो शेडमधी घंटा वाजवीत बसतोय एकला. आमचं कान किट्ट करतोय."

मी घरी गेल्यावर? काय वाजवतो?

२१ सप्टेंबर, रविवार

झालंय ते लिहून ठेवते.

शेडमध्ये कुणी नसतं आज. चष्मा तिथं राहिला होता म्हणून गेले. गोव्याचा खोका बांधून तयार होता. म्हटलं, रबराच्या चकत्या टाकल्यात का बघू. उघडला.

बझर. ओळीनं. प्रत्येकाच्या गळ्यात लाल दोरा. मी ह्या महिन्यात बझरला दोरा बांधलेलाच नाही! एक उचलून उलटा केला. तळाला माझी फुली. दुसरा — फुली. सगळे तेच! फुली घासून काढलीसुद्धा नाही. लपवायचीही लाज वाटली नाही त्याला.

आणि गाठ? गाठ त्यांचीच. दुसऱ्या कुणाला येतच नाही ती.

मुके बझर. आगीच्या वेळी ओरडायला हवेत म्हणून माणसं ज्यांच्या भरवशावर झोपतात ते. त्यांच्या दोऱ्यानं. त्यांच्या गाठीनं. असे किती खोके गेलेत आजवर? कुठल्या जहाजावर लागलेत?

तिथंच बसून कात्रीनं सगळे दोरे कापले. पुरावा म्हणून एक बझर पिशवीत घालून घरी आणला, टेस्टिंगची छोटी पेटीही आणली. ह्यांच्या फोटोखाली ठेवलाय. फोटोकडं बघवत नाही. भात टाकला होता, तसाच राहिला.

२२ सप्टेंबर, सोमवार

झालं एकदाचं.

तो आल्या आल्या खोका त्याच्यापुढं सरकवला. कापलेले दोरे वर ठेवले. "हे काय?"

रंगच उडाला त्याचा. मग समोर येऊन, सावकाश, लहान पोराला समजवावं तसा म्हणाला, "काकी, वाजत्यात त्ये."

"वाजतात? माझ्या तोंडावर सांगतोस?" एक उचलला, जोडला, बटण दाबलं. मुका! पार मुका. "कुठं वाजतोय? सांग, कुठं वाजतोय?"

चिमणाबाईनं तोंडाला पदर लावला.

"माझ्या नवऱ्याची गाठ ही. त्यानं तुला पोटच्या पोरासारखी शिकवली. मुक्या वस्तूच्या गळ्यात घातलीस? माणसं मरतात रे त्यानं!"

"काकांना शब्द दिलाय म्हणून गप हाय," म्हणाला. "न्हायतर..."

"न्हायतर काय? बोल! मेलेल्या माणसाच्या आड लपतोस?"

चिमणाबाई पुढं आली. "वैनी, पोराचं काय बी चुकलेलं न्हाई, तुमास्नीच..." संग्रामनं तिच्याकडं बघून मान हलवली. ती थांबली. फितवलंय तिलाही.

त्यानं खिशातनं किल्ली काढली आणि बाकावर ठेवली. पक्कड, पाने जागच्या जागी लावले. त्यांनी शिकवलेलं — जाताना हत्यार जागेवर. तेवढं मात्र विसरला नाही! बाहेर गल्ली गोळा झाली होती. मी सगळ्यांच्या देखत सांगितलं — हा खोटा दोरा बांधतो. ह्याला कुणी कामाला ठेवताना विचार करा.

अण्णासो म्हणाला, "ताई, पोरगं तसलं न्हवं."

तसलं नव्हतंच. तेच तर!

२३ सप्टेंबर, मंगळवार

शेड एकटीनं उघडली. चिमणाबाई आली, पण बोलत नाही. दिवसभर दोन बायका आणि घासायचा कागद.

२४ सप्टेंबर, बुधवार

गोव्याला फोन केला. स्टोअरचे साहेब भले आहेत, ह्यांच्या वेळेपासूनचे. सांगितलं, आमचा मागचा बझरचा माल बसवू नका, बसवला असेल तर काढा, मुका आहे. गोव्याची लाईन नेहमीच खराब. पुन्हा पुन्हा बोलायला लावलं त्यांना. म्हणाले, "अहो बाई, सगळे वाजतात. आम्ही बसवून महिना झाला."

ऑफिसात बसून काय कळतं ह्यांना! की संग्रामनं आधीच सांगून ठेवलंय? मी ठाम राहिले. दोरा आमचा आहे, जबाबदारी आमची आहे, काढा म्हणजे काढा. शेवटी "बरं" म्हणाले.

मन थोडं शांत झालं. एखादा तरी जीव वाचेल.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

प्रियदर्शनीचा जयसिंगपूरहून फोन. आधी मलाच रागावली, सकाळपासून करतेय, उचलत का नाहीस. फोनची रिंगच होत नाही, मी काय करू? मग म्हणाली, "आई, संग्रामदादाला का काढलंस?"

म्हणजे तिला आधीच कळलंय. कुणी सांगितलं? तर म्हणे चिमणामावशीनं. सगळं सांगितलं मी तिला. वाटलं, लेक म्हणेल, बरं केलंस. ती म्हणाली, "आई, फोनवर नको. मी दसऱ्याला श्रुतीला घेऊन येते. समोर बसून बोलू."

समोर बसून काय बोलायचंय? सगळ्यांना सगळं माहीत असतं. मला शेवटी कळतं.

संग्राम नेसरीहून आला तेव्हा ओठावर धड मिसरूड नव्हतं. घरचं रान थोडं, भाऊबंद ढीगभर. ह्यांनी त्याला बाकावर बसवला. पहिल्याच दिवशी आमच्या ताटाला ताट लावून जेवला, पुढं-मागं बघितलं नाही. दारातला निळा झेंडा बघून काही लोक तेव्हाही नाक मुरडायचे. हे म्हणाले, "पोरगं सरळ आहे." शेवटच्या दुखण्यात ह्यांना उचलून जिन्यानं खाली-वर न्यायला तोच. मी दमले म्हणून रात्रीचा दवाखान्यात तोच. एकदा मी पेज घेऊन गेले तर दोघं काहीतरी बोलत होते. ह्यांनी त्याचा हात धरला होता. मी आत गेल्यावर दोघं थांबले. हे म्हणाले, "काही नाही, शेडचं बोलत होतो." मला तेव्हा किती बरं वाटलं होतं — माझ्यामागं कुणीतरी आहे!

तो हात आठवला की अंगाची आग होते.

रडायचं नाही ठरवलंय. हे गेले तेव्हाचं दुःख एका जागी बसलेलं असतं, रोज त्याच्या शेजारून जाते मी, सवय झालीय. हे दुसरंच आहे. हे बसत नाही, उठून अंगावर येतं.

२८ सप्टेंबर, रविवार

दाराची घंटा ठणाणली. संग्रामची थोरली बहीण, आक्का. नेसरीहून पहिल्या एसटीनं आलेली. डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. पिशवी आत ठेवली, पाणी प्याली, आणि मग सुरू झाली.

"शेंगा तुमास्नी आणल्यात. भांडण येगळं, शेंगा येगळ्या."

बस म्हटलं तर बसेना.

"माझा भाऊ चोर न्हाय."

मी म्हटलं, "मी डोळ्यांनी बघितलंय आक्का."

"डोळ्यांनी बघितलासा नव्हं? डोळ्यांनीच!" असं म्हणून कपाळावर हात मारला. "मला शपथ घातलीया त्यानं, न्हायतर हितं तुमच्या तोंडावर सांगितलं असतं! उद्यमनगरात दारात उभा करून घेईना त्याला कोण. परवा एका शेडवाल्यानं इचारलं म्हणं, दोरा कसला बांधतोस तू, खरा का खोटा? घरला येऊन भिताडाकडं तोंड करून झोपलाय. आणि तरीबी तुमचंच नाव. काकी जेवली आसंल का, काकीला किल्ली लागती का, कुलूप जाम हाय त्ये."

"मग खोटं का बोलला?"

"इचारा की सोताला!" म्हणाली आणि चप्पल घालून निघालीसुद्धा. जिन्यातून परत वर आली, "शेंगा ऊन दावा, वल्या हायत्या."

कुलूप खरंच जाम आहे.

पण शपथ कसली? कुणाला वाचवतोय तो? फुली माझी, दोरा त्याचा, वस्तू मुकी. ह्यात तिसरं काय असणार?

३० सप्टेंबर, मंगळवार

गोव्याच्या साहेबांचा फोन. चिमणाबाईनं उचलून माझ्या कानाला लावला आणि स्पीकर चालू केला. जहाज निघायच्या बेतात होतं, माझ्या सांगण्यावरून थांबवलं. सगळे बझर काढले. दुसऱ्या माणसाकडून तपासले. "बाई, एकही खराब निघाला नाही. तरी तुम्हीच म्हणता मुके आहेत. मग सांगा, आम्ही तुमच्या दोऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?" पुढचं काम थांबवलंय. बघू म्हणाले, दिवाळीनंतर.

तपासले ते मीटरवरच असणार! कान कोण लावतो आता?

पण शेड रिकामी. बाकावर फक्त त्या दिवशीचा खोका, दोरे कापलेला.

ह्यांनी उभं केलेलं सगळं संग्रामनं घालवलं. खोटं एका बझरचं, पण गेला सगळा दोरा.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. उद्यमनगरात लेथला, ड्रिलला, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आमच्याकडं पूजा नसते. ह्या दिवशी हे शेडमधलं जे जे वाजण्यासारखं आहे ते एका तारेत जोडायचे आणि एकदम वाजवायचे. "हीच आमची हजेरी," म्हणायचे. सगळी गल्ली बाहेर यायची, पेढे वाटायचे. तार ओढायला संग्राम, बटण दाबायला मी.

एकटीनं तार ओढली. पितळी घंटा, भोंगा, जुना एक रिले, आणि मुद्दाम त्या खोक्यातले चार मुके बझर. गल्लीला कळू दे! लोक जमले. बटण दाबलं. ठण्ण — घंटा. भोंगा घोगरा, पण वाजला. मी घंटा आणि भोंग्याची तार काढली. नुसते बझर ठेवले. पुन्हा दाबलं, दाबून धरलं. "बघा! ऐका, काय ऐकू येतंय?"

लेथवाला खाली बघायला लागला. दोन बायका एकमेकींकडं बघत होत्या. अण्णासो गाड्यापासून चालत आला, माझं बोट बटणावरून हळूच काढलं आणि म्हणाला, "ताई, चला. चहा घ्या आधी."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, ह्यांच्या आठवणीनं असेल.

कोपऱ्यावर संग्राम उभा होता. ह्या दिवशी चुकवायचं नाही म्हणून आला असणार. मी बघितलं तसा भिंतीकडं वळला.

पेढे तसेच राहिले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. प्रियदर्शनी आणि श्रुती सकाळी आल्या. तिघी विहारात जाऊन आलो. वंदना ऐकूच येत नव्हती, माईक बंद होता वाटतं. प्रियदर्शनी सारखी माझा हात धरत होती. "उद्या बोलू आई, आज नको." मी म्हटलं, उद्या मीच तुला पुरावा दाखवते. मग बोल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रियदर्शनी दूध आणायला खाली गेली. ती येईपर्यंत तयार असावा म्हणून फोटोखालचा बझर ओट्यावर घेतला, पेटीला जोडला. श्रुती फरशीवर खडूनं मासे काढत बसलेली. बटण दाबून बघितलं. तसाच. मुका.

श्रुतीनं खडू टाकला आणि दोन्ही कानांवर हात दाबले. "आज्जी, बंद कर की! कान दुखतात माझे!"

काकांना शब्द दिलाय, म्हणाला होता तो. आणि दाराची चांगली साधी बेल ह्यांनी काढून टाकली होती.

दुसऱ्यांदा दाबलं. तिनं डोळेही मिटून घेतले. तिसऱ्यांदा.

पेटीतून लाल दोरा काढला आणि त्याच्या गळ्यात बांधला.